हिवाळ्यात एकट्यानं शेतशिवारातून चालायला जाताय? मग तयारी या क्रमानं करा

गेली काही वर्षं नोव्हेंबर ते फेब्रुवारी मी एकटीच रानातून चालते, म्हणजे गडबिड नाही, साधी शेतं, बांध, पाणंदी (शेतांमधून जाणाऱ्या वहिवाटीच्या वाटा), एका गावातून निघून दुसऱ्या गावात पोचायचं. जास्त करून पुरंदरचा पट्टा, जेजुरी, दौंडज, वाल्हे, खाली नीरेपर्यंत. ओळखीतल्या बऱ्याच जणांनी माझं बघून सुरू केलं आणि बहुतेक सगळ्यांच्या चुका सारख्याच. उशिरा निघाले, मोबाईलवरच्या रेघेवर विश्वास ठेवून उभ्या शाळूत (रब्बी ज्वारीत) घुसले, भिजवलेल्या गव्हात गुडघाभर रुतले, अंधारात कुत्र्यांच्या तावडीत सापडले. म्हणून हे सगळं नीट क्रमानं लिहितेय.

मुळात चूक कुठं होते तर लोक तयारी ट्रेकची करतात. गडाची वाट सगळ्यांची असते, शेतात मात्र प्रत्येक पाऊल कोणाच्या तरी रानात पडतं आणि हिवाळ्यात त्या रानात पीक उभं असतं. त्यामुळे इथं दम आणि स्टॅमिना नंतर येतो, आधी वेळेचा हिशोब, वाटेची खात्री आणि भेटेल त्याच्याशी बोलणं. क्रम बदलू नका, कारण पुढची पायरी मागचीवर अवलंबून आहे.

## १. आधी परतीचं ठरवा, वाट नंतर

सगळे सुरुवातीपासून प्लॅन करतात, तुम्ही शेवटापासून करा. ज्या गावात संपवणार तिथून परत यायला एसटी किंवा रेल्वे किती वाजता आहे, ती चुकली तर पुढची कधी, हे पहिलं बघा. पुणे-मिरज रेल्वेमार्गावर राजेवाडी, जेजुरी, दौंडज, वाल्हे, नीरा अशी स्टेशनं ओळीनं आहेत, म्हणून हा पट्टा नवीन माणसाला सोयीचा, पण प्रत्येक गाडी प्रत्येक स्टेशनला थांबत नाही, त्या दिवसाचं टाइमटेबल बघूनच ठरवा.

मग सूर्यास्त. डिसेंबरच्या शेवटी आपल्याकडं सूर्य सातच्या थोडं पुढं उगवतो आणि सहाच्या थोडं पुढं मावळतो, त्यानंतर वीस-पंचवीस मिनिटांत पायाखालचं दिसेनासं होतं. माझा नियम असा की साडेचारला पाय डांबरी रस्त्यावर पाहिजेत, मग काहीही होवो.

आता वेग. रस्त्यावर तासाला ५ किमी चालणारा माणूस रानात ३ किमी चालला तरी पुष्कळ, नांगरटीत किंवा ओल्या बांधावर अडीचसुद्धा होत नाहीत. जेजुरी ते वाल्हे रस्त्यानं अंदाजे १२ किमी, रानातून वळसे घेत घेत ते १४-१५ होतात. म्हणजे निव्वळ चालण्याचे पाच तास, बसणं-खाणं-वाट विचारणं दीड तास, सकाळी आठला निघालात तर अडीचला पोचाल आणि हातात दोन तास राहतील. हे दोन तास फोटोसाठी नाहीत, वाट चुकल्यावर मागं फिरायला आहेत. पहिल्यांदा जाताय तर ८ किमीच्या वर जाऊच नका.

मधे सोडून देता येईल अशी एक जागा आधीच ठरवा. या वाटेवर ती दौंडज, तिथं रस्ताही आहे. बारापर्यंत दौंडजला नाही पोचले तर मी तिथंच थांबते, पुढं जायचा विचारसुद्धा करत नाही.

तपासा: त्या दिवशी यात्रा वगैरे आहे का. चंपाषष्ठी आणि सोमवती अमावास्येला जेजुरीत प्रचंड गर्दी असते, एसटीत पाय ठेवायला जागा नसते. ते दिवस सोडून जा.

## २. नकाशा घरीच बघा, तोही तीन प्रकारांनी

इथं सगळ्यात जास्त लोक फसतात. उपग्रहाच्या फोटोत शेतामधून जाणारी छान पांढरी वाट दिसते, लोक तिच्यावर बोट ठेवतात आणि निघतात. तो फोटो कधीचा आहे ते कोणी बघत नाही. उन्हाळ्यात रान मोकळं असतं, माणसं-गुरं सरळ रेषेत कुठूनही जातात आणि त्याच्या वाटा पडतात, जानेवारीत त्याच जागी डोक्याच्या वर गेलेला शाळू उभा असतो. ती वाट नव्हतीच, ती फक्त उन्हाळ्याची सोय होती.

म्हणून असं करा:

- पहिल्यांदा भूमी अभिलेखच्या महाभूनकाशा साइटवर गावाचा नकाशा उघडा. त्यात गट नंबर दिसतात, गटांच्या हद्दी दिसतात. जुन्या गावनकाशात गाडीवाट तुटक दुहेरी रेघेनं आणि पायवाट तुटक एकेरी रेघेनं दाखवलेली असते. दोन गावांच्या शिवेवरून जाणारे शिवरस्ते आणि पाणंदी या वहिवाटीच्या, तुमची वाट जास्तीत जास्त यांच्यावरूनच न्या.
- मग उपग्रहाचा फोटो उघडून तीच पाणंद जागेवर दिसते का ते बघा. बऱ्याच पाणंदी कागदावर आहेत आणि प्रत्यक्षात दोन्ही बाजूंनी नांगरून नांगरून बोळासारख्या झाल्यात, काही तर बाभळीनं बुजल्यात.
- शेवटी ऑरगॅनिक मॅप्स किंवा ओएसएमअँडसारख्या ॲपमध्ये तो भाग डाउनलोड करून ठेवा, खिंडीत आणि ओढ्यात नेटवर्क जातं.

आणि एका कागदावर हातानं साधं चित्र काढा. ओढा कुठं लागेल, रेल्वे कुठल्या हाताला राहील, डोंगर कुठं, देऊळ कुठं. मोबाईल पडला-भिजला तर हा कागदच कामाला येतो, शिवाय हातानं काढलं की वाट डोक्यात बसते.

सावधान: रेल्वे रूळ हा शॉर्टकट नाही. या लाइनवर आता विजेवरच्या गाड्या धावतात, आवाज फार उशिरा कळतो, वळणावर तर अजिबात नाही. रूळ ओलांडायचा तो फाटकातून किंवा खालच्या बोगद्यातून, त्यासाठी किलोमीटरभर वळसा पडला तरी.

## ३. सामान: थोडं घ्या पण हे सोडू नका

पहाटे ९-१० डिग्री आणि दुपारी २८-३० असा हिवाळा असतो आपला. जाड स्वेटर घालून निघालात तर अकरानंतर तो ओझं होतो. पातळ पूर्ण बाह्यांचा सुती शर्ट, वर एक पातळ जॅकेट, कानाला रुमाल, बस. शर्ट पूर्ण बाह्यांचाच पाहिजे, शाळूचं आणि उसाचं पान कातडी चिरतं, आणि ते कापलेलं घामानं दिवसभर चुरचुरत राहतं.

बूट. मऊ फोमच्या सोलचे रनिंग शूज नकोत, बाभळीचा काटा त्यातून आरपार तळव्यात जातो, मी दोनदा काढलाय. जाड रबरी सोल, घोट्याच्या वर येणारे असतील तर उत्तम. पॅन्ट जाड आणि तिचे पाय मोज्यात खोचा, कुसळी गवताची कुसळं मोज्यात घुसली की चालता येत नाही.

पाणी दोन लिटर, कमी नाही. थंडीत तहान कळत नाही म्हणून लोक एक बाटली घेतात आणि दुपारी डोकं दुखायला लागतं. खायला चपाती किंवा भाकरी, शेंगदाण्याची चटणी, गूळ, एखादं फळ. बाकी पॉवर बँक, छोटी बॅटरी (मोबाईलचा टॉर्च धरू नका, मोबाईल वाचवायचाय), शिट्टी, काटा काढायला चिमटा आणि सुई, क्रेप बँडेज, सुट्टे पैसे, ओळखपत्र, आणि छातीएवढी एक काठी. काठी कुत्र्यांसाठी लागते त्यापेक्षा जास्त कामाला येते ती गवत बाजूला करायला आणि चिखल किती खोल ते बघायला.

अत्तर, सेंट, वासाचं तेल लावू नका. पडक्या विहिरीच्या कपारीत आणि वडाच्या फांदीला आग्या मोहोळ असतं, मोहोळाजवळून जाताना असला वास आणि आरडाओरडा दोन्ही नको.

## ४. घरच्यांना नीट सांगा, "फिरायला चाललेय" एवढं पुरत नाही

एकाच माणसाला जबाबदार करा, ग्रुपवर टाकू नका, ग्रुपवर प्रत्येकाला वाटतं दुसरा बघेल. मी बहिणीला असा मेसेज करते: कुठून निघाले, कुठल्या गावांवरून, कुठं संपवणार, अंगावर कुठल्या रंगाचे कपडे, दौंडजला किती वाजता फोन करेन, आणि पाचपर्यंत फोन आला नाही तर आधी मला दोनदा लाव, मग साडेपाचला ११२ ला लाव. ती शेवटची ओळ लोक लिहीत नाहीत. मग तिकडचा माणूस रात्री नऊपर्यंत "येईल, नेटवर्क नसेल" म्हणून बसून राहतो.

व्हॉट्सॲपचं लाइव्ह लोकेशन आठ तासांपर्यंत ठेवता येतं, ठेवा, पण नेटवर्क गेलं की ते जुन्याच जागी थिजतं हे पलीकडच्याला आधीच सांगून ठेवा. नाहीतर उगाच घबराट.

तपासा: जवळचं ग्रामीण रुग्णालय कुठं आहे ते निघण्याआधी बघून ठेवा. या पट्ट्यात जेजुरी आणि सासवडला आहे. ॲम्ब्युलन्स १०८, पोलीस वगैरे सगळ्यासाठी ११२, वन विभाग १९२६. हे कागदावरच लिहा, त्या चित्राच्या मागं.

## ५. सकाळी: ऊन पडू द्या, मग रानात उतरा

पहाटे पाचला निघायची हौस इथं नको. एक तर अंधारात आणि धुक्यात विहीर दिसत नाही, दुसरं म्हणजे दव. हिवाळ्यात सकाळी पिकावर एवढं दव असतं की दहा मिनिटांत पॅन्ट गुडघ्यापर्यंत ओलीचिंब, मग बुटात पाणी, मग फोड. हरभऱ्यावरचं दव तर आंबट असतं, हरभऱ्याची आंब म्हणतात ती हीच, अंगाला लागली की खाज सुटते.

तर सातला स्टेशनवर उतरा, चहा घ्या, पहिला तासभर डांबरी किंवा गाडीरस्त्यानं काढा आणि साडेआठच्या पुढं बांधावर या. दव तोवर बऱ्यापैकी उडालेलं असतं. उन्हाला बांधावर पडलेली घोणससुद्धा तोवर दिसायला लागते, ती हिवाळ्यात अशीच ऊन खात पडून राहते आणि पाचोळ्याच्या रंगात मिसळून जाते.

## ६. प्रत्यक्ष चालताना: आधी पाणंद, मग बांध, वाफ्यात कधीच नाही

वाट निवडायचा क्रम पक्का ठेवा. पाणंद किंवा गाडीवाट मिळाली तर तीच. नसेल तर मोठा बांध. बांधही नसेल तर कापणी झालेलं मोकळं रान, तेही कडेकडेनं आणि विचारून. उभ्या पिकातून नाही, दोन ओळींमधून "जागा आहे की" म्हणूनही नाही.

बघायचं काय काय ते सांगते.

भिजवलेलं रान. शेतीपंपाची लाईट बऱ्याच वेळा रात्रीची असते, माणसं रात्रभर दारं धरतात (पिकाला पाणी देतात), म्हणजे सकाळी रान भरलेलं असतं. वरून साय धरल्यासारखं कोरडं दिसतं आणि पाय ठेवला की घोट्याच्या वर. काळ्या रानात तर बुटाला दोन दोन किलो चिखल चिकटतो. मी एकदा अशाच गव्हाच्या कडेनं शॉर्टकट घेतला, वीस मिनिटांचा रस्ता दीड तासाचा झाला, वरून एक वरंबा (पाणी अडवणारा मातीचा उंचवटा) माझ्या पायानं फुटला आणि पाणी शेजारच्या कांद्यात गेलं. त्या मावशींनी एक शब्द बोलून दाखवला नाही, गुपचूप खोरं घेऊन बांधत बसल्या, मला ते अजून लागून राहिलंय. तेव्हापासून काठी टोचल्याशिवाय मी ओल्या कडेला पाय ठेवत नाही.

वरंबा आणि पाट. पाट ओलांडायचा तो उडी मारून किंवा जिथं दगड टाकलाय तिथून, कडा तुडवून नाही. चुकून फुटलाच तर पळू नका, मातीचं ढेकूळ टाकून लगेच बुजवा आणि हाक मारून मालकाला सांगा.

ठिबक. काळ्या बारीक नळ्या गवतात दिसत नाहीत. पाय पडला तर सांधा निसटतो, आणि तो कुठं निसटला हे शोधायला शेतकऱ्याला अख्खी ओळ चालावी लागते. वरून पाय टाका.

नांगरट. मोठ्या ढेकळांतून चालताना पाय मुरगळतोच. ज्या दिशेनं नांगर गेलाय त्या तासातून (नांगराच्या ओळीतून) चाला, आडवं जाऊ नका.

कुपाटी आणि फाटक. काट्याची कुपाटी (काटेरी फांद्यांचं कुंपण) लावलेली असेल तर ती शेळ्या-गुरांसाठी आहे. आत जायचंच असेल तर उघडा, आणि जशी होती तशी परत लावा. उघडी होती तर उघडीच ठेवा, कोणीतरी पाणी पाजायला गुरं आणणार असेल.

सावधान, हे दोनदा वाचा: शेताच्या कडेनं कमरेखाली बारीक तार ओढलेली दिसली तर हात, काठी, काहीच लावू नका. बऱ्याच ठिकाणी रानडुकरांसाठी झटका मशीन असतं, त्याचा झटका जोरात बसतो पण तो थांबून थांबून येतो. काही लोक मात्र बेकायदा थेट लाईटची तार सोडतात आणि त्यात माणसं मेलीत. बघून फरक कळत नाही. तार दिसली की मागं फिरा, वळसा घ्या.

## ७. आधी तुम्ही बोला

माणूस दिसला की त्यानं विचारायच्या आत आपण बोलायचं. लांबूनच "रामराम", जेजुरीच्या आसपास "जय मल्हार", पालखी मार्गावरच्या गावांत "माउली" म्हटलं की समोरचा लगेच थांबतो. वयानुसार दादा, मामा, मावशी, आजी. कानातले हेडफोन काढलेले पाहिजेत, गॉगल वर.

पहिला प्रश्न ठरलेला आहे: "कुणाकडं आलाय?" त्याचं उत्तर पाठ करून जा. "ट्रेकिंग" वगैरे सांगू नका, त्यातून काही कळत नाही, त्यात तुम्ही मोबाईल वर करून बांधाचे फोटो काढत असाल तर समोरच्याला वाटतं जमीन बघायला आलेत किंवा मोजणीवाले आहेत. पुरंदरात जमिनीचा विषय आता नाजूक आहे, विमानतळाच्या भूसंपादनावरून लोक आधीच धास्तावलेत. सरळ सांगा: "जेजुरीवरनं वाल्ह्याला पायी चाललेय, रान बघत, ही पाणंद पुढं निघते का?" एवढ्यानं नव्वद टक्के शंका मिटते.

वाट विचारतानाही पद्धत आहे. "ही वाट वाल्ह्याला जाते का?" असं विचारलं की समोरचा मान राखायला "जाते की" म्हणतो. त्याऐवजी विचारा, "वाल्ह्याला कसं जाऊ?" आणि मग "पुढं पाणी भरलंय का? कुणाची कुत्री आहेत का? वस्ती कुठली लागेल?" वस्त्या आडनावानं ओळखतात, लागलेल्या प्रत्येक वस्तीचं नाव लिहून ठेवा. अडचणीत फोनवर "मी अमुक वस्तीच्या वरच्या अंगाला आहे" हे सांगता आलं तर मदत दहा मिनिटांत येते, नुसते अक्षांश-रेखांश सांगून येत नाही.

बायकांसाठी वेगळं सांगते, कारण मला नेहमी विचारतात. मी शक्यतो ज्या रानात बायका कामाला दिसतात तिकडून वाट काढते, खुरपणाऱ्या बायकांजवळ दोन मिनिटं बसते, पाणी मागते. पुढच्या रानात निरोप आपोआप पोचतो की एक बाई चालत येतेय. कोणी गाडीवर सोडायला तयार झालं तर मनाला पटलं तरच बसा, आणि बसायच्या आधी त्याच्या समोरच घरी फोन करून सांगा कुणाबरोबर चाललेय. एकटा माणूस नको तेवढी चौकशी करतोय असं वाटलं तर "माझे मिस्टर पुढं गाडी घेऊन थांबलेत" म्हणा आणि वस्तीकडं वळा, शाळूत नाही.

हुरड्याचे दिवस असतील तर कोणीतरी नक्की हाक मारेल. दिला तर बसून खा. स्वतःहून मात्र कणीस, हरभऱ्याचा घाटा, अंजीर, काहीच तोडू नका. ते त्याचं पीक आहे हे तर झालंच, वर काल-परवा फवारणी झाली असेल तर तुम्हाला कळणारही नाही.

तपासा: पोल्ट्रीच्या शेडजवळ आणि पॉलिहाऊसमध्ये डोकावू नका. बुटाच्या चिखलातून रोग जातो, शेतकरी त्याला फार घाबरतात.

## ८. कुत्री आणि मेंढ्या

वस्तीवरची कुत्री भुंकतात, चावतात कमी. धनगरांच्या वाड्याची कुत्री वेगळी, ती मेंढ्या राखायलाच असतात. शेतात मेंढ्या बसवलेल्या दिसल्या की शंभर-दीडशे फुटांवरच थांबा, हाक मारा, माणूस बाहेर येऊन कुत्र्याला बोलावेपर्यंत पुढं जाऊ नका. कळपाच्या मधून कधीच नाही.

कुत्रं अंगावर आलंच तर पळू नका, पाठ दाखवू नका, डोळ्यात डोळे घालू नका. काठी खाली, जमिनीला टेकवून, पायासमोर धरा आणि तिरकं मागं सरका. उगारलेली काठी त्याला आणखी चिडवते. चावलं तर जखम साबण आणि वाहत्या पाण्यानं पंधरा मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी रेबीजची लस सुरू करा, "पाळीव आहे, काही होत नाही" असं कोणी म्हटलं तरी.

## ९. पाणी: विहीर, शेततळं, कालवा

एकट्या माणसासाठी सगळ्यात मोठा धोका माझ्या मते बिबट्या किंवा सापाचा नाही, पाण्याचा आहे.

जुन्या विहिरींना कठडा नसतो. भोवती गवत, निवडुंग, घाणेरीची झुडपं, आणि काठ आतून पोखरलेला. मोबाईलमध्ये बघत चालणारा माणूस सरळ आत. नकाशा बघायचा तर थांबून बघा, चालता चालता नाही. पंपाची केबिन किंवा विजेची पेटी दिसली की आसपास विहीर किंवा बोअर आहे असंच धरून चाला.

शेततळं बघायला फार सुंदर दिसतं, निळं पाणी, वर पक्षी. आत प्लास्टिकचा कागद असतो आणि त्यावर शेवाळ. हात धुवायला एक पाय ठेवला की घसरून आत जाता आणि पोहता येत असलं तरी बाहेर येता येत नाही, कागदाला पकडायलाच काही नसतं. दरवर्षी यात माणसं जातात, पोरं जातात. कुंपणाच्या आत जाऊ नका. दुसरं कोणी पडलेलं दिसलं तरी मागोमाग उडी नको, दोरी, ओढणी, ठिबकची नळी जे मिळेल ते टाका आणि ओरडा.

नीरेच्या बाजूला गेलात तर डाव्या कालव्याच्या कडेचा रस्ता चालायला सोपा आहे, सपाट आणि सावलीचा. पाण्याकडच्या उतारावर मात्र उतरू नका, धार दिसते त्यापेक्षा जास्त असते.

## १०. उसाजवळून जाताना

नीरा-कऱ्हेच्या काठी ऊस वाढतो तसा बिबट्याही आता कुठंही असू शकतो. जुन्नर, आंबेगाव, शिरूरकडं तर तो उसातच वाढतो, पिल्लंही तिथंच होतात. हिवाळ्यात तोड सुरू झाली की त्याची जागा मोडते आणि तो हलतो.

उसाच्या दोन फडांमधल्या अरुंद वाटेनं जाणं टाळा, पर्याय नसेल तर दुपारीच, आणि मोठ्यानं बोलत किंवा गाणं म्हणत. उसाच्या कडेला खाली बसू नका, वाकू नका. लघवीला बसायचं तर उसापासून लांब, मोकळ्या रानात झुडपाच्या आडोशाला. वाकलेलं माणूस त्याला जनावरासारखं दिसतं. समोर आलाच तर पळायचं नाही, हात वर करून उंच दिसायचं, ओरडायचं, मागं मागं सरकायचं. पिल्लू दिसलं तर हात लावू नका, फोटो नको, लगेच तिथून निघा आणि तोडणी कामगारांना किंवा १९२६ ला कळवा.

तोडून झालेल्या फडात पाचट (उसाचा वाळलेला पाला) पेटवलं असेल तर वाऱ्याच्या खालच्या अंगाला जाऊ नका. पाचट भसकन पेटतं.

## ११. काही झालंच तर

पाय मुरगळला तर बूट काढू नका, सूज आली की परत जात नाही. बुटावरूनच क्रेप बँडेज गुंडाळा, पाणी प्या, पंधरा मिनिटं बसा. टेकवता येत नसेल तर चालायचा हट्ट सोडा, शिट्टी तीन-तीनदा वाजवा आणि शेवटच्या वस्तीचं नाव सांगून फोन करा.

साप चावला तर: अंगठी-बांगड्या लगेच काढा, चावलेला पाय काठी बांधून स्थिर करा, घट्ट आवळून दोरी बांधू नका, कापू-चोखू नका. १०८ ला फोन, आणि माणूस मिळेल त्याच्या गाडीवरून थेट ग्रामीण रुग्णालय. साप मारून न्यायची गरज नाही, त्यात वेळ जातो आणि दुसरा दंश होतो. देवळात किंवा मांत्रिकाकडं न्यायला निघाले तर ठामपणे नाही म्हणा.

वाट चुकली तर आधी उभ्या राहा. शेवटची खात्रीची जागा कुठली होती तिथंपर्यंत परत या. "पुढं कुठंतरी निघेल" म्हणून ओढ्यात उतरून लोक अडकतात. तीननंतर चुकलात तर वाल्हं विसरा, गाडीचा आवाज किंवा विजेच्या मोठ्या तारा जिकडं दिसतील तिकडचा जवळचा रस्ता गाठा.

## १२. शेवटचा तास आणि घरी आल्यावर

शेवटच्या तासात थकवा आलेला असतो आणि गाव दिसत असतं, मग माणूस सरळ रेषेत पिकातून जायला बघतो. पाय मुरगळणं, पाट फुटणं, तारेत अडकणं, जास्त करून याच वेळी. गाव दिसलं की मी मुद्दाम पाच मिनिटं बसते, गूळ खाते, मग लांबच्या पाणंदीनंच जाते.

निघायच्या आधी मोजे-पॅन्टला चिकटलेली कुसळं आणि बिया तिथंच झटका, गाजरगवताचं बी असंच एका गावातून दुसऱ्या गावात जातं. डांबरीवर आलात की घरी फोन.

घरी आल्यावर तळवे उजेडात बघा, काट्याचं टोक राहिलं असेल तर त्याच रात्री काढा, धनुर्वाताचं इंजेक्शन कधी घेतलं होतं तेही आठवा. बुटाचा चिखल वाळू द्या, मग झाडा, आत वर्तमानपत्र कोंबून ठेवा, उन्हात किंवा चुलीजवळ नको, सोल सुटतो. आणि त्या हातानं काढलेल्या कागदावर आजच्या तारखेसह लिहून ठेवा की कुठला बांध मोकळा होता, कुठं पाणी होतं, कुत्री कुठं होती, वस्त्यांची नावं काय. पुढच्या वर्षी शाळूच्या जागी कांदा असेल, पण विहिरी तिथंच असतील.